अमेरिकेतील महानगर क्षेत्रांचे उत्पन्न आणि संपत्ती यांची तुलना कशी करावी

अमेरिकेतील दोन महानगरांची तुलना करण्यापूर्वी आपल्याला उत्पन्न मोजायचे आहे की संपत्ती, हे आधी ठरवून घ्यावे. उत्पन्न म्हणजे वर्षभरात घरात येणारा पैसा, तर संपत्ती म्हणजे एखाद्या दिवशी घर, शेअर, ठेवी आणि निवृत्तिनिधी यांच्या एकूण मूल्यातून कर्ज वजा जाता जे उरते ते. उत्पन्नाचे महानगरनिहाय आकडे दरवर्षी विश्वासार्ह स्वरूपात मिळतात. संपत्तीच्या बाबतीत अशी सोय नाही, आणि म्हणूनच ‘सर्वांत श्रीमंत शहरे’ अशा मथळ्याखालील बहुतेक याद्या प्रत्यक्षात फक्त उत्पन्नाच्या याद्या असतात.

पहिले काम सीमारेषा तपासण्याचे. ‘महानगर क्षेत्र’ ही संज्ञा अमेरिकेत सैल अर्थाने वापरली जात नाही. केंद्र सरकारचे व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालय किमान ५०,००० लोकसंख्येचा नागरी गाभा आणि त्याच्याशी कामासाठीच्या रोजच्या ये-जा करण्याने जोडलेल्या काउंटी (राज्याचे जिल्ह्यांसारखे विभाग) एकत्र करून ही क्षेत्रे आखते. एककच काउंटीचे असल्यामुळे चमत्कारिक परिणाम दिसतात. सॅन होजे आणि सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड ही एकाच उपसागराभोवतीची दोन वेगळी महानगर क्षेत्रे आहेत. तर लॉस एंजेलिसहून ये-जा करणाऱ्यांची मोठी वस्ती असलेले रिव्हरसाइड–सॅन बर्नार्डिनो लॉस एंजेलिसपासून वेगळे मोजले जाते आणि वाळवंटातून थेट नेवाडाच्या सीमेपर्यंत पसरते. स्वस्त घरांच्या शोधात बाहेर पडलेले लोक सीमेच्या कोणत्या बाजूला मोजले गेले, यावर दोन्हीकडचे आकडे अवलंबून राहतात. प्रश्न संपूर्ण प्रदेशाचा असेल, तर अनेक महानगरे जोडून केलेले ‘संयुक्त सांख्यिकी क्षेत्र’ घ्यावे. मात्र तुलनेच्या दोन्ही बाजूंना एकच एकक असले पाहिजे.

काळाच्या ओघात होणाऱ्या तुलनेत सीमारेषा आणखी त्रास देतात, कारण २०२० च्या जनगणनेच्या आधारे जुलै २०२३ मध्ये क्षेत्रांची नव्याने आखणी झाली. कनेक्टिकटमध्ये तर जनगणना विभागाने जुन्या आठ काउंटींच्या जागी नऊ नियोजन प्रदेश स्वीकारले. त्यामुळे ब्रिजपोर्ट परिसराचे उत्पन्न ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणण्यापूर्वी दोन्ही वर्षांचा नकाशा तोच आहे का, हे पाहावे.

दुसरे काम योग्य आकडा निवडण्याचे. घरगुती उत्पन्नासाठी जनगणना विभागाचे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ हे सर्वेक्षण वापरावे. त्यातील बी१९०१३ या तक्त्यात मध्यक घरगुती उत्पन्न मिळते, म्हणजे सर्व घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावली असता मधोमध येणाऱ्या घराचे उत्पन्न. ६५,००० किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी एक वर्षाचे अंदाज प्रसिद्ध होतात आणि सर्व क्षेत्रांसाठी पाच वर्षांचे एकत्रित अंदाज असतात. एका शहराचा एकवर्षीय आणि दुसऱ्याचा पंचवर्षीय आकडा शेजारी ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. कोविडच्या काळात प्रतिसाद कमी मिळाल्यामुळे २०२० चे नेहमीचे एकवर्षीय अंदाज प्रसिद्धच झाले नाहीत. त्या जागी कोणी आलेखात सरळ रेघ ओढली असेल, तर ती रेघ अंदाजाची आहे असे समजावे. सर्वेक्षणांची सरमिसळही टाळावी. २०२३ साठी संपूर्ण देशाचे मध्यक घरगुती उत्पन्न या सर्वेक्षणानुसार ७७,७१९ डॉलर होते, तर जनगणना विभागाच्याच दुसऱ्या, ‘करंट पॉप्युलेशन सर्व्हे’ या सर्वेक्षणानुसार ते ८०,६१० डॉलर होते. दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. चूक होते ती महानगराचा आकडा पहिल्यातून आणि देशाचा दुसऱ्यातून घेतल्यावर.

‘घर’ आणि ‘कुटुंब’ यांतील फरक इथे निर्णायक ठरतो. एका निवासात राहणारे सगळे मिळून एक घर होते, मग ते नातेवाईक असोत वा केवळ भाडे वाटून घेणारे मित्र. आणि पंधरा वर्षांवरील प्रत्येकाचे उत्पन्न त्यात जमा होते. कुटुंबात मात्र फक्त नात्याने जोडलेली माणसे धरली जातात. इथाका किंवा स्टेट कॉलेज अशा विद्यापीठांच्या गावांत वसतिगृहातील विद्यार्थी घरांच्या गणनेबाहेर राहतात, पण बाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी अल्प उत्पन्नाची ‘घरे’ म्हणून मोजले जातात आणि मध्यक खाली ओढतात. अशा ठिकाणी कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सोबत पाहणे आवश्यक आहे. तसेच एका घरात सरासरी किती माणसे राहतात, हेही नोंदवावे. चार कमावत्यांच्या घराची आणि एकट्या निवृत्त व्यक्तीच्या घराची बरोबरी होत नाही.

दुसरा प्रचलित आकडा आर्थिक विश्लेषण विभागाचा, म्हणजे दरडोई व्यक्तिगत उत्पन्नाचा. यात नोकरी देणाऱ्याने भरलेला आरोग्य विमा आणि मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे लाभही धरले जातात, जे जनगणना विभागाच्या रोख उत्पन्नात येत नाहीत. शेअर किंवा घर विकून झालेला भांडवली नफा मात्र दोन्हींत नसतो. दरडोई आकडा ही सरासरी असते, मध्यक नव्हे. मूठभर अतिश्रीमंत रहिवासी ती वर नेऊ शकतात. वायोमिंगमधील टेटन काउंटी दरडोई उत्पन्नात देशात आघाडीवर असते, ते तेथील हॉटेलांत काम करणाऱ्यांच्या पगारामुळे नव्हे. टेक्ससमधील मिडलंडचा आकडा तेलाच्या किमतीबरोबर वर-खाली होतो, म्हणून तिथे एकाच वर्षावर विसंबू नये. या आकड्याचा एक मोठा उपयोग मात्र आहे: त्यात श्रमाचे उत्पन्न, लाभांश-व्याज-भाडे आणि सरकारी हस्तांतरणे असे तीन भाग वेगळे दिलेले असतात. फ्लोरिडातील नेपल्ससारख्या ठिकाणी दुसरा भाग फुगलेला दिसला, की उत्पन्नाच्या मागे उभी असलेली संपत्तीही दिसू लागते.

सर्वेक्षणाचा आकडा हा अंदाज असतो आणि त्याच्याशेजारी ९० टक्के विश्वासपातळीची त्रुटिमर्यादा, म्हणजे खरा आकडा अंदाजाच्या दोन्ही बाजूंना किती दूर असू शकतो ती मर्यादा, छापलेली असते. समजा, एका महानगराचे मध्यक उत्पन्न ८२,००० डॉलर असून त्रुटिमर्यादा ९०० आहे आणि दुसऱ्याचे ८३,००० असून मर्यादा १,२०० आहे. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. ते येते १,५००, आणि तीच दोन आकड्यांमधील फरकाची त्रुटिमर्यादा. प्रत्यक्ष फरक त्याहून कमी, १,००० डॉलरचाच असल्यामुळे दुसरे महानगर पुढे आहे असे म्हणता येत नाही. मोठ्या याद्यांमधील मधल्या क्रमांकांची चढउतार बरीचशी याच जातीची असते, म्हणून क्रमांकांपेक्षा गट पाडावेत असे माझे मत आहे.

यानंतर किंमत पातळीचा हिशेब. इथे ग्राहक किंमत निर्देशांक वापरण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो चुकीचा आहे. श्रम सांख्यिकी विभागाचा शहरनिहाय निर्देशांक त्याच शहरातील किमती काळानुसार किती वाढल्या एवढेच सांगतो. सिअ‍ॅटल आणि अटलांटा यांचे निर्देशांक शेजारी ठेवून कुठले शहर महाग, हे ठरवता येत नाही. त्यासाठी आर्थिक विश्लेषण विभागाचे प्रादेशिक किंमत गुणोत्तर वापरावे, ज्यात संपूर्ण देशाची पातळी १०० धरलेली असते. उदाहरणादाखल, १,००,००० डॉलर उत्पन्न आणि ११० गुणोत्तर असलेल्या क्षेत्राचे समायोजित उत्पन्न सुमारे ९०,९०९ डॉलर होते. ८५,००० उत्पन्न आणि ९० गुणोत्तर असलेल्या क्षेत्राचे ९४,४४४. क्रम उलटला. सॅन फ्रान्सिस्को परिसरात २०१८ मध्ये चार जणांच्या कुटुंबासाठी गृहनिर्माण खात्याची ‘अल्प उत्पन्न’ मर्यादा १,१७,४०० डॉलर होती, यामागचे मुख्य कारणही निवासाचा खर्चच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की हे गुणोत्तर भाड्याचा भार धरते आणि आयकराचा धरत नाही. टेक्सस, फ्लोरिडा किंवा टेनेसीमध्ये राज्याचा पगारावर आयकर नाही, त्यामुळे हातात येणाऱ्या रकमेचा प्रश्न असेल तर तो हिशेब वेगळा करावा लागतो.

आता संपत्ती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह दर तीन वर्षांनी घरगुती वित्ताचे सर्वेक्षण करते. त्यानुसार २०२२ मध्ये मध्यक निव्वळ संपत्ती १,९२,९०० डॉलर आणि सरासरी १०,६३,७०० डॉलर होती. या दोन आकड्यांतील दरी पाहिली की संपत्तीसाठी सरासरी का टाळावी, हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु हे सर्वेक्षण महानगरनिहाय आकडे देत नाही. काही शहरांत स्वतंत्र अभ्यास झाले आहेत. बोस्टन महानगराविषयीच्या २०१५ च्या एका अहवालात श्वेतवर्णीय घरांची मध्यक निव्वळ संपत्ती २,४७,५०० डॉलर आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांची ८ डॉलर आढळली. छपाईची चूक वाटावी असा हा आकडा आहे, पण तो खरोखर आठच होता. लहान नमुन्यामुळे तो अक्षरशः घेऊ नये, तरी महानगराच्या एका मध्यकाखाली काय दडलेले असते, ते त्यातून कळते.

असा अभ्यास उपलब्ध नसेल, तर अप्रत्यक्ष खुणांवर काम भागवावे. २०२२ च्या त्याच सर्वेक्षणात घरमालकांची मध्यक संपत्ती ३,९६,२०० डॉलर आणि भाडेकरूंची १०,४०० डॉलर होती, त्यामुळे महानगरात किती टक्के लोक स्वतःच्या घरात राहतात, घरांचे मध्यक मूल्य किती आहे आणि किती घरे गृहकर्जमुक्त आहेत, हे तीन आकडे सर्वांत आधी घ्यावेत; ते अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतच मिळतात. त्यांना करविभागाच्या काउंटीनिहाय विवरणपत्रांतील व्याज आणि लाभांशाच्या रकमांची जोड द्यावी. कॅलिफोर्नियात घरांचे मूल्य मालमत्ताकराच्या नोंदींतून कधीही घेऊ नये: १९७८ च्या प्रस्ताव १३ मुळे करयोग्य मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढू शकते आणि घर विकले गेल्यावरच ते बाजारभावाला येते, म्हणून शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांच्या नोंदींतही कित्येक पटींचा फरक असू शकतो.

निष्कर्ष मांडताना उत्पन्न आणि संपत्तीच्या या खुणा एका निर्देशांकात मिसळू नयेत. दोन स्तंभ वेगळे ठेवावेत आणि प्रत्येक आकड्यासमोर वर्ष, सर्वेक्षण, क्षेत्राची आखणी आणि त्रुटिमर्यादा लिहावी. जास्त उत्पन्न, महाग घरे आणि भाडेकरूंचे मोठे प्रमाण असलेले लॉस एंजेलिस आणि तुलनेने स्वस्त घरे असलेले पिट्सबर्ग यांचा क्रम एका स्तंभात एक आणि दुसऱ्यात वेगळा आला, तर तो तक्त्याचा दोष मानून दुरुस्त करायला जाऊ नये.