अशांत काळात ईश्वराचा शोध : गावात राहून करावयाची साधना

जगात पाप माजले आहे, अशी हळहळ गावाच्या पारावर रोज ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु ईश्वराचा शोध घेणाऱ्याने आरंभ आपल्या स्वतःच्या व्यवहारापासून करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण सुधारण्यासाठी तेवढीच जागा खात्रीने आपल्या हाती असते.

प्रथम दिवसातील एक वेळ निश्चित करावी. विदर्भातील खेड्यांसाठी दिवेलागणीची वेळ उत्तम, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना त्या वेळी आजही अनेक गावांत होते. त्यांनी १९३५ साली अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. या प्रार्थनेत समोर कोणत्याही एका देवाची मूर्ती नसते, रिकामे अधिष्ठान असते, त्यामुळे कोणत्याही जातीच्या वा पंथाच्या माणसाला तेथे संकोचाशिवाय बसता येते. गावात प्रार्थना होत नसेल तर घरातील माणसांना घेऊन बसावे. एकट्यानेच बसलात तरी चालेल.

निजण्यापूर्वी दिवसाची झडती घ्यावी. येथे ‘मी पापी आहे’ असे मोघम बोलू नये, कारण अशा बोलण्याने मन हलके होते आणि काहीच बदलत नाही. नेमकी गोष्ट स्वतःशी उच्चारावी : शेजाऱ्याच्या बाजूचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, सालगड्याचे पैसे अडवून ठेवले, दारूच्या नशेत बायकोवर हात उचलला, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना तिचा हिस्सा किती हे तिला सांगितलेच नाही.

यानंतरची पायरी सर्वांत कठीण आहे आणि बहुतेक साधक नेमके येथेच थांबतात. ज्याचे आपण बिघडवले, त्याच्या दारी जावे. चारचौघांना साक्षीला नेऊ नये, ‘माझाही नाइलाज होता’ अशी प्रस्तावना करू नये, आणि द्यायचे असेल ते सोबत घेऊनच जावे. मजुरी असेल तर पूर्ण रक्कम द्यावी, आणि धुऱ्याविषयी दोघांचे एकमत होत नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून निघेल ती हद्द मान्य करण्याची तयारी दाखवावी. मारहाण झाली असेल तर क्षमा मागून भागत नाही. दारू सोडण्यासाठी उपचार घ्यावे लागतात, आणि बायकोला माहेरी राहायचे असल्यास अडवू नये. समोरचा क्षमा करील अशी अट मनात ठेवू नये; क्षमा करणे न करणे हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे.

पश्चात्ताप म्हणजे शिक्षेतून सुटका नव्हे. पवनारच्या विनोबांपुढे १९६० साली चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली, तरी पुढे त्यांच्यावर खटले चाललेच. गुन्हा घडला असेल तर कायद्याला सामोरे जाणे हासुद्धा साधनेचाच भाग मानावा.

देवाच्या नावाने कर्ज मात्र काढू नये. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगे महाराज दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तन करीत, आणि सण-समारंभासाठी ऋण काढू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, असे कळकळीने सांगत. मोठ्या तेरवीसाठी सावकाराकडे जाण्याऐवजी गावची विहीर वा शाळेचे आवार स्वच्छ करणे मला अधिक ईश्वरनिष्ठ वाटते.

बाहेरच्या उलथापालथीचे काय? प्रार्थनेपूर्वी मोबाईल दूर ठेवावा, बातम्या दिवसातून एकदाच पाहाव्यात, आणि दंगलीचे वा कुणाची निंदा करणारे संदेश खातरजमा केल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

कपाशीवर बोंडअळी आली किंवा पावसाने दगा दिला, तर ते पापाचे फळ आहे असे स्वतःलाही सांगू नये आणि खचलेल्या शेजाऱ्याला तर मुळीच सांगू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावे, ऐकावे. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला तर त्याला एकटे सोडू नये, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. त्या दिवशीची प्रार्थना चुकली तरी हरकत नाही.

आरंभासाठी मुहूर्त पाहण्याचे कारण नाही. वेचणीच्या दिवसांत परतायला अंधार पडत असेल, तर वावरातच हातपाय धुऊन थोडा वेळ शांत बसावे, आणि सोबतच्या मजुरांचा हिशेब त्याच दिवशी चुकता करून घराकडे निघावे.