जुळी कोकरं हवी असतील तर मेंढा कसा निवडावा

जत-आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं बाकदार नाक भाव खातं. ते पाहून मेंढा खुशाल घ्या, पण पुढच्या पिढीत जुळी होतील की नाही हे नाक सांगत नाही. अंगापिंडावरूनही ते कळत नाही. उलट कळपातलं सगळ्यात थोराड नर कोकरू बहुधा एकटं जन्मलेलं, आईचं सगळं दूध एकट्याने प्यालेलं असतं. तेच दरवर्षी पैदाशीला ठेवलं, तर जुळ्यांचं रक्त आपल्याच हातानं कळपाबाहेर जातं.

म्हणून आधी वही घाला. प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला मारा आणि ती कधी व्याली, किती कोकरं झाली, तिसऱ्या महिन्यात त्यांची वजनं किती भरली, हे लिहा. वजनांची तुलना करताना जुळ्याला जुळ्याशीच ताडून पाहा. वजन आणि दूध पुष्कळ जनुकांवर आणि चाऱ्यावरही ठरतं, त्यामुळे तिथे सुधारणा हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या होते.

जुळ्यांसाठी मात्र जवळची वाट आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा, जुळी वाढवणारा फेकबी जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हा एकच जनुक असल्याने हिशेब सरळ आहे. प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मेंढ्यात दोन्ही प्रती फेकबीच्या असतील, तर फेकबी नसलेल्या साध्या माद्यांपासून झालेल्या त्याच्या प्रत्येक लेकीला एक मिळतेच, आणि एका प्रतीनेही जुळ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं. मेंढ्यात एकच प्रत असेल तर सरासरी निम्म्या लेकींनाच ती मिळते. दहांत तीनही निघतील, सातही. मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे त्याच्यात काय आहे हे रक्ताच्या जनुकीय तपासणीतूनच पक्कं कळतं. विकत घेताना तिचा अहवाल मागा.

लेकी माजावर येण्याआधी मेंढा बदला. बाप-लेकीच्या संकरातून कमजोर, मरतुकडी कोकरं निपजतात. शेजारच्या मेंढपाळाच्या वाड्याशी अदलाबदल करायची असेल, तर तिकडचा मेंढा तुमच्याच मेंढ्याचा लेक नाही ना, हे विचारा. नको असलेले नर वेळेत खच्ची करा, नाहीतर कळपात कोण कोणाचा बाप हे कधीच कळणार नाही.

आणि चारा पुरेसा नसेल तर या वाटेला जाऊच नका, हे कळकळीनं सांगतो. मेंढी पाच महिने गाभण असते आणि पोटातल्या कोकरांची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. तेव्हा नुसत्या माळावरच्या चराईवर भागत नाही. संध्याकाळी वाड्यात मक्याचा भरडा, पेंड आणि थोडा हिरवा चारा द्या. व्याल्यावर दोन्ही कोकरांना तासाभरात चीक पाजा, अशक्त कोकराला आधी.