जादूच्या दुनियेत जात रचताना या चुका टाळा

अद्भुतकथा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींचे खर्डे मी अधूनमधून वाचतो. ड्रॅगन जमलेला असतो, तरंगता किल्लाही जमलेला असतो, पण त्या दुनियेत जातव्यवस्था आली की कथा लंगडते. बाकी सगळं कल्पनेनं उभं करावं लागतं, जात तर आपल्या दारातली. तरी नेमकी तीच बनावट वाटते.

जादू रक्तात घालू नका

वरच्या जातीला उपजत जादू येते, खालच्यांना येत नाही, म्हणून वरचे राज्य करतात. दहातल्या सात-आठ खर्ड्यांत हेच. असं लिहिलंत की तुमच्या दुनियेत जातीचा दावा खरा ठरतो. ‘आम्ही जन्मानंच वेगळे’ असं वरच्यांनी म्हणायचं असतं, लेखकानं त्याखाली सही करायची नसते. मग नायकाचं बंड नुसती चडफड होऊन बसतं.

दुरुस्ती अशी: क्षमता सगळ्यांत विखुरलेली ठेवा, परवानगी जन्मावर ठेवा. कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण आठवा. १८९९ साली कार्तिकस्नानाला पंचगंगेवर गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त (वेदांतले, वरच्या वर्णांसाठी राखलेले) सोडून पुराणोक्त (पुराणांतले, शूद्रांसाठीचे) मंत्र म्हणतो, हे उघड झालं. कारण? महाराज त्याच्या लेखी शूद्र. गादीवर बसलेला राजा, पण त्याच्या वाट्याला कोणता मंत्र यायचा हे ठरवणार पुरोहित. पुढे महाराजांनी राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहिताचं, वतन काढून घेतलं, तरी वाद काही वर्षं धुमसत राहिला.

जादूकथेला लागणारं सगळं यात आहे. मंत्र कुणाच्याही घशातून निघू शकतो, अडवणूक शिकण्यापाशी होते. सत्ता एकाकडे, दर्जा ठरवायचा हक्क भलत्याकडे. तुमचा सेनापती खुशाल ड्रॅगनवरून येऊ दे. दीक्षेच्या मंडपात त्याला उंबऱ्याबाहेर थांबवणारा फाटका भटजी एकदा लिहून बघा.

लग्नं कोण जुळवतं?

बहुतेक खर्ड्यांत जात टिकवायला शिपाई, चाबूक आणि तुरुंग असतात. शिपायांना रोजचा पगार द्यावा लागतो. शतकानुशतकं टिकणारी गोष्ट इतक्या महागात चालत नाही. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात नेमकं बोट ठेवलं होतं: जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. आणि तसं करायचं तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई ‘जादा’ होते. तिनं बाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं, आत केलं तर कुणा मुलीच्या वाटचा नवरा जातो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या हिशेबातून येतात, असं त्यांचं म्हणणं.

तुमच्या दुनियेत विधवा जादूगारणीचं काय होतं? तिच्या मंत्रांचं काय होतं? याचं उत्तर नसेल तर तुमच्याकडे पोशाखांचे रंग आहेत, जात अजून आलेली नाही. राखणही चावडीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त होते. रोटीबंदी, बेटीबंदी हे शब्द उगीच आलेले नाहीत.

दोन मजली इमारत

वर जुलमी, खाली पिचलेले, मध्ये कुणीच नाही. तसं असतं तर खालच्यांनी कधीच एकत्र येऊन छप्पर उडवलं असतं. खरी गोम अशी की जवळजवळ प्रत्येकाच्या खाली आणखी कुणीतरी असतं आणि ते कुणीतरी गमवायची त्याची तयारी नसते. दिवे पेटवणारी जात असेल, तर मंत्रानंतर उरलेली काजळी खरवडणारी जात कोणती, आणि त्या काजळीवाल्यांच्या विहिरीवर कुणाला मज्जाव आहे, हेही लिहा.

काम आवश्यक असलं म्हणून मान मिळतो, असंही नाही. एदो काळातल्या जपानमध्ये सामुराईंच्या चिलखतांना कातडं लागे आणि ते कमावणारे मात्र अशुद्ध मानले जात.

कपाळावर चमकणारी खूण

डोळ्यांचा रंग, मनगटावरचा ठसा वगैरे लेखकाच्या सोयीचं. खऱ्या जगात माणूस दिसण्यावरून कळत नाही, म्हणून तर इतक्या चौकशा. ‘आडनाव काय?’, ‘मूळ गाव?’, ‘गावात कुठल्या आळीत?’ जपानमध्ये कातडं कमावणाऱ्यांसारख्यांचा ‘अशुद्ध’ दर्जा १८७१ च्या फर्मानानं कागदावर रद्द झाला. तरी १९७५ साली उघड झालं की नोकरीला आलेल्या माणसाचं मूळ ठिकाण ताडून पाहण्यासाठी कंपन्या अशा लोकांच्या जुन्या वस्त्यांच्या याद्या विकत घेत होत्या. अशी चौकशी संवादात आणा. ठशापेक्षा जास्त अंगावर येते.

नायक शेवटी राजघराण्यातला निघतो, हेही टाळा. कर्णाला सूर्यपुत्र करून झालंय. सूतपुत्रच राहिला असता तर काय, ही गोष्ट अजून शिल्लक आहे.

स्फटिक फुटला, जात संपली

शेवटच्या प्रकरणात जादूचा स्फटिक फोडायचा आणि सगळे एका पंगतीत. महाडकडे बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनं तो स्वीकारला. चवदार तळ्याचं पाणी आंबेडकर आणि सत्याग्रही प्यायले २० मार्च १९२७ ला. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, मग पंचगव्य टाकून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं आणि नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

तेव्हा स्फटिक फोडायचाच असेल तर मधल्या प्रकरणात फोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्यावर घागर घेऊन कोण गेलं, काठावर कोण उभं होतं आणि संध्याकाळी तिथं कुणी काय ओतलं, तिथून पुढे लिहा.