लष्करी अधिकाऱ्याच्या ट्रेनिंगला जाण्याआधी मुलींनी काय तयारी करावी

एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत) निघाली, मेडिकल झालं, मेरिटमध्ये नाव लागलं की मुलींचा मला पहिला प्रश्न असतो, ‘ताई, रोज किती पळू?’ पळाच, पण त्याआधी बारला लटकायला लागा.

चेन्नईच्या ओटीएमध्ये (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत) 1992 पासून मुली घडताहेत, 2022 पासून खडकवासल्याच्या एनडीएतही. दोन्हीकडे दोर चढावाच लागतो. पायांच्या ताकदीत मुलगे-मुलींत फरक असतो, पण खांदे-दंडांत तो कितीतरी जास्त असतो. वयात येताना मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याचा हा परिणाम. म्हणून नुसत्या हातांनी अंग ओढत बसू नका. दोर एका पावलाखालून घ्या, दुसऱ्या पावलाने वरून दाबा, गुडघे पोटाशी आणा आणि पायांनी रेटा देत उभ्या राहा. हात फक्त धरायला. पुलअप्स निघायला महिने लागतात, तेव्हा कॉललेटरची वाट बघू नका.

आता हाडं. रिक्रूट मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला जाणारी बारीक चीर) मुलांपेक्षा जास्त होतात, हे जगभरच्या लष्करांत दिसलंय. परेडच्या तेज चालीतलं पाऊल 30 इंचांचं. बुटक्या मुलीने ते ताणून टाकलं की भार कमरेच्या हाडांवर येतो. ऑस्ट्रेलियाच्या लष्कराने रिक्रूट मुलींच्या कूचाचा वेग कमी केला, त्यांना आपल्या सोयीचं पाऊल टाकू दिलं आणि ही फ्रॅक्चर्स झपाट्याने कमी झाली. ही सवलत नव्हे, शहाणपण आहे, असं मी ठामपणे म्हणेन. नडगीभर दुखत असेल तर बहुधा स्नायूंचा ताण असतो. पण अंगठ्याने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर उस्तादांना (ड्रिल-पीटी शिकवणाऱ्यांना) सांगा, एमआय रूम (अकादमीतला दवाखाना) गाठा. रगडा (शिक्षेची जादा कसरत) लागेल या भीतीने गप्प बसलेल्या मुलीचं हाड मोडतं आणि टर्मही वाया जाते.

घरी असतानाच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21) नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असलं की कितीही पळा, दम लागणारच. अन्नातलं लोह अंगी लागावं म्हणून जेवणावर लगेच चहा नको, लिंबू पिळा. नाचणी खा.

पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. बहुधा मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय, आणि तशात हाडंही ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा आणि मेसमध्ये पोटभर जेवा, वजनाच्या काट्याकडे न बघता.