लुटीच्या केसमध्ये घरचेच करतात त्या चुका

पोराला लुटीच्या गुन्ह्यात उचललं की पहिल्या दोन-तीन दिवसांत घरचे जी धावपळ करतात, तिच्यात अर्धी केस हातची जाते. पुढे वर्ष-वर्ष उलटतपासण्या घेऊन मी तेवढीच भरपाई करत बसतो. ग्वाल्हेरच्या कोर्टात हे इतकं पाहिलंय की लष्कर भागातला कुणी काका "वकील साहेब, आम्ही ठाण्यात जाऊन बोलून आलो" म्हणाला, की माझा पहिला प्रश्न असतो, काय देऊन आलात?

ठाण्यात पैसे नेऊन देणं

सगळ्यात महाग चूक ही. नया बाजारातल्या एका घराचं सांगतो. मुलाला रात्री नेलं. सकाळी ठाण्यातून निरोप आला की फिर्यादीचे अठरा हजार गेलेत, तेवढे आणून द्या, साध्या चोरीत बसवून टाकतो. काकूंच्या भिशीचे पैसे बँकेत होते, ते काकांनी काढले आणि नेऊन दिले. पावती कसली मागणार!

दोन महिन्यांनी चालान, म्हणजे आरोपपत्र, आलं. त्यात मुलाचा मेमो होता, म्हणजे "पैसे कुठे लपवलेत ते दाखवतो" असं त्याच्या नावावर लिहिलेलं निवेदन. त्यामागे जप्ती पंचनामा, की आरोपीने स्वतः घरातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून अठरा हजार काढून दिले. त्या घरात लोखंडी कपाटच नाही. भिंतीतलं लाकडी फडताळ आहे, वर गणपती आणि खाली पापडाचे डबे.

पोलिसांना हे सगळं कशासाठी लागतं ते समजून घ्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या 25 ते 27 कलमांत होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमात आहे. अपवाद एकच: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्याच्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, याची हद्द आखून दिली, आणि जिल्हा कोर्टात आजही रोज त्याच निकालाचं नाव निघतं. म्हणजे बरामदगी, माल सापडणं, नसेल तर कबुलीचा कागद निरुपयोगी. ती बरामदगी तुम्ही घरून पिशवीत घालून नेऊन देता. शिवाय लुटीनंतर लगेच लुटीचा माल जवळ सापडला, तर कोर्ट त्याला लुटारू किंवा चोरीचा माल घेणारा धरू शकतं. खुलासा त्याने करायचा.

त्या घराला जामिनाच्या वेळी वाचवलं पासबुकाने. पैसे काढल्याची तारीख आणि जप्तीची तारीख एकच, रक्कमही तीच. दुसरं, नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 कलमाप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर केलं तरी चालतं. ते मागितलं तर नव्हतंच. केस अजून चालू आहे, पण पोरगा घरी आहे.

माझी सवय सांगतो. पहिल्याच भेटीत घरच्यांना एक वही काढायला लावतो. ठाण्यात कोण, किती वाजता गेलं, कुणाशी बोललं, काय मागितलं, हे त्याच रात्री लिहायचं. लोकांना कंटाळा येतो. "साहेब, ते लक्षात आहे हो आमच्या" म्हणतात. सहा महिन्यांनी साक्षीला उभे राहिले की वारसुद्धा आठवत नाही.

ओळखपरेडीच्या आधी गप्प बसणं

रात्रीच्या लुटीत फिर्यादी बहुधा आरोपीला ओळखत नसतो. मग जेलमध्ये तहसीलदार नाहीतर नायब तहसीलदार येतो, सारख्या दिसणाऱ्या माणसांत आरोपीला उभं करतात आणि फिर्यादीने ओळखायचं असतं. त्याआधी आरोपीचा चेहरा फिर्यादीला दिसता कामा नये, म्हणून त्याला बापर्दा, म्हणजे तोंड झाकून, ठेवायचा असतो. प्रत्यक्षात काय होतं? आई डबा घेऊन ठाण्यात जाते, तर फिर्यादी बाकावर बसलेला आणि पोरगा त्याच्या समोर. आई हे मला सांगते कधी, तर परेड होऊन गेल्यावर, तेही जाता जाता.

अरे, हे तिने पहिल्या दिवशी सांगायला हवं. कारण मी पहिल्याच पेशीला मॅजिस्ट्रेटपुढे लेखी अर्ज देतो की अमुक तारखेला आरोपी साक्षीदाराला ठाण्यात दाखवला गेला आहे, याची नोंद घ्यावी. ती नोंद ऑर्डरशीटवर आली की पुढची परेड मऊ पडते. नंतर उलटतपासणीत तोंडी विचारलं तर साक्षीदार "नाही" म्हणतो आणि विषय संपतो. प्रेसनोटसोबत फोटो छापून आला असेल तर तो अंक तारखेसकट जपून ठेवा, रद्दीत घालू नका. फोटो पोलिसांनीच दिला होता हे तपास अधिकाऱ्याच्या तोंडून वदवून घेता येतं.

उलट टोकाचेही हुशार भेटतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की परेडला नाहीच म्हणायचं. पण लेखी कारण न देता नकार दिलात तर कोर्ट तो तुमच्याविरुद्ध धरू शकतं.

राजीनामा करून टाकू

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. लूट राजीनाम्याने, म्हणजे आपसातल्या तडजोडीने, मिटत नाही. फिर्यादीने केस मागे घेतो म्हटलं तरी ती तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. उच्च न्यायालय एफआयआर रद्द करू शकतं, पण ग्यानसिंग प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खून, बलात्कार, डकैती अशा गंभीर गुन्ह्यांना तडजोडीवर रद्द करू नये असं स्पष्ट म्हटलंय, आणि सरकारी वकील लुटीच्या प्रत्येक अर्जाला तेच वाचून दाखवतो. तरी आमचे लोक मिठाईचा पुडा आणि वॉर्डातला एखादा नेता घेऊन दाल बाजारात फिर्यादीच्या दुकानी जातात. त्याच्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगवर असतो. दुसऱ्या दिवशी साक्षीदाराला धमकावल्याचा अर्ज, आणि जामीन गेला. फिर्यादीशी बोलायचंच असेल तर वकिलांमार्फत, आणि तेही जामीन झाल्यावर.

एफआयआर न वाचता जामिनाला धावणं

"साहेब, आधी जामीन लावा, बाकी नंतर बघू." मी लावत नाही. आधी एफआयआर वाचतो, कारण बऱ्याचदा ती लूट नसतेच. चोरी करण्यासाठी, करताना किंवा माल घेऊन पळताना मारहाण, अडवणूक किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती, तर लूट. चहाच्या टपरीवर गाडी लावण्यावरून हाणामारी झाली, त्यात एकाचा मोबाइल पडला आणि कुणीतरी उचलला, तर मारहाण वेगळी आणि मोबाइल वेगळा. नुसतं हिसकावून पळाला असेल तर बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, 304 कलम आहे, कमाल तीन वर्षांचं.

कलमाच्या उपकलमावरही खूप काही ठरतं. 309(4) म्हणजे दहा वर्षांपर्यंत. हीच लूट सूर्यास्त ते सूर्योदय हायवेवर, समजा मुरैन्याच्या रस्त्यावर झाली, तर चौदापर्यंत. लुटीत दुखापत केली तर 309(6), तिथे जन्मठेपही होऊ शकते. घातक हत्यार वापरलं तर 311, किमान सात वर्षं, पण हे हत्यार वापरणाऱ्यालाच लागतं, सोबत उभा असलेल्या सगळ्यांना नाही. पाच किंवा जास्त जण असतील तर ती डकैती. आणि घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनीच दंड संहिता लागते, हे ठाण्यातले मुन्शीसुद्धा कधी विसरतात.

आमच्या भागात यावर 1981 चा डकैती-व्यपहरण प्रभावित क्षेत्र कायदा जोडलेला असतो. तो लागला की अटकपूर्व जामिनाचा रस्ता बंद. इंदूरच्या पाहुण्याने सांगितलेला उपाय इथे चालत नाही, तेव्हा एफआयआरमध्ये त्याची धारा आहे का ते आधी पाहा.

बाकीच्या, थोडक्यात

कोऱ्या कागदावर सही करू नका, "फक्त हजेरीची" म्हटलं तरी.

जुना गुन्हा वकिलापासून लपवू नका. सरकारी वकील तो जामिनाच्या वेळी वाचून दाखवणारच आहे, मला निदान आधी कळू द्या.

मुलगा त्या वेळी कोचिंगला होता म्हणता? मग सीसीटीव्ही आजच मागा. दुकानदाराच्या मशीनवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. तो देत नसेल तर कोर्टाकडून मागवू.

वय अठराच्या आत असेल तर दहावीचं प्रमाणपत्र घेऊन या. मुद्दा कधीही मांडता येतो, पण तोवर पोरगा मोठ्यांच्या जेलमध्ये कशाला ठेवायचा?

चालान वेळेत आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो; कलमाप्रमाणे 60 किंवा 90 दिवस. दिवस संपले की त्याच सकाळी अर्ज हवा. चालान आधी दाखल झालं की तो हक्क गेला, मग "साहेब, एकच दिवस उशीर झाला" याला काही अर्थ नाही.

तीन वकील एकदम करू नका. एक जामीन फेटाळला गेल्याचं दुसऱ्याला न सांगता त्याच्याकडून नवा अर्ज लावणं तर अगदीच वाईट, कोर्ट ते लगेच पकडतं.

फीचे पैसे नसतील तर बहोडापूरच्या जेलमधूनच विधिक सेवा प्राधिकरणाला अर्ज देता येतो. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या कायद्याप्रमाणे फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत; घरून 15100 हा हेल्पलाइन नंबर लावलात तरी चालेल. सरकारकडून मिळालेला वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस, असं समजून लोक हे टाळतात आणि ठाण्याबाहेरच्या दलालाला पैसे देतात. त्या दलालाकडून कधी कागद मिळालेला मी पाहिला नाही.