फिश फाइंडर घेताय? आधी ती माशांची चित्रं बंद करा

उजनी धरणावर यंत्र लावून मासे धरायला लागून तीन वर्षं झाली, तरी पहिला उन्हाळा आठवला की अजून कान गरम होतात. सोलापुरात यंत्रमागावर होतो. ते काम सुटलं आणि करमाळा तालुक्यात मामांच्या होडीवर आलो. येताना साठवलेल्या पैशातून १८ हजारांचा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतला. मामांनी डबा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यात मासं दिसत्यात? मग बाजारात न्यायला बी त्यालाच सांग की."

होडी, जाळं, परवाना तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. परवाना नसेल तर पुढचं वाचू नका, आधी तो काढा.

आता मुद्द्याचं. नवं यंत्र चालू केलं की पडद्यावर गोंडस मासे पोहायला लागतात. प्रत्येकाच्या डोक्यावर खोलीचा आकडा, १४ फूट, २२ फूट. ते मासे नाहीत. परत सांगतो, ते मासे नाहीत. यंत्राला मासा कळतच नाही. ते पाण्यात आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, कशावर तरी आपटून परत येतो आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. तळाच्या वर, मध्येच कशावर तरी आपटला की आतला प्रोग्रॅम ठोकून देतो, मासा! मग ती बुडलेल्या बाभळीची फांदी असो, दुसऱ्याचं जाळं असो, नाहीतर बुडबुडा. बुडबुडा सगळ्यात वाईट. कारण माशावरून आवाज जोरात परत येतो तोच मुळी त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यामुळे. यंत्राच्या लेखी हवा ती हवा.

एप्रिलमध्ये एका वळणावर मला पडदाभर मासे दिसले. तीन दिवस तिथेच जाळं सोडलं. पहिल्या दिवशी दोन चिलाप्या, दुसऱ्या दिवशी काही नाही. मला वाटलं जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचं माप, चुकतोय, म्हणून शेजाऱ्याचं जाळं उसनं आणलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मामा होडीत आले. त्यांनी दोरीला बांधलेला दगड खाली सोडला, वर ओढला, त्याला चिकटलेला काळा चिखल दोन बोटांवर घेतला आणि माझ्या नाकाखाली धरला. "घे वास, भाच्या. मासा न्हाय ह्यो. गाळ पादतोय."

खरंच होतं. पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून इथे येऊन साचतं. तळाशी ते कुजतं, ऊन वाढलं की त्यातून वायू सुटतो आणि बुडबुडे वर येतात. माझं १८ हजारांचं यंत्र तीन दिवस त्यांनाच मासे म्हणत होतं.

म्हणून सेटिंगमध्ये जा आणि माशांची चित्रं बंद करा. पडदा भकास दिसेल, दिसू द्या. आता जे दिसतं ते खरं. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता, बाकी सगळा पडदा म्हणजे मागे गेलेलं पाणी. नवखे पडद्याच्या मधोमध मासा बघतात आणि तिथेच जाळं टाकतात, तोवर होडी पुढे आलेली असते. होडी हळू चालत असेल तर मासा कमानीसारखा उमटतो, कारण आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो; त्या शंकूच्या कडेला मासा लांब असतो, मध्ये आला की जवळ आणि जाताना परत लांब. कमान लांब म्हणजे मासा मोठा असं नाही, तो शंकूत जास्त वेळ होता इतकंच. मी जाडी बघतो. होडी उभी असेल तर एका जागी थांबलेल्या माशाची नुसती आडवी रेघ येते. आणि बुडबुडे? त्यांच्या बारीक तिरक्या रेघा तळापासून निघतात आणि उजवीकडे वर चढत जातात. सगळ्या वरच, खाली एकही नाही. मासा एवढ्या शिस्तीत जात नाही.

शंका आली तर पाण्याचा वास घ्या. मी चेष्टा करत नाही.

शंकूचं एक लक्षात ठेवा. आवाजाची कंपनसंख्या बदलली की त्याची रुंदी बदलते. माझ्या यंत्रात २०० किलोहर्ट्झला तो २० अंशांचा आहे, म्हणजे ३० फुटांवर जेमतेम साडेदहा फूट रुंद वर्तुळ. ८३ वर ६० अंश, तेच वर्तुळ ३५ फुटांचं. रुंद शंकू घेतला की मासे जास्त दिसतात, पण डावीकडे की उजवीकडे ते कळत नाही. पडद्यावर तळाची पट्टी जाड आणि ठसठशीत, शिवाय दुप्पट खोलीवर त्याची दुसरी पट्टी दिसली तर खाली खडक. तळाची पट्टी बारीक, फिकी असेल तर गाळ. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, इंजिनाच्या पंख्याच्या फेसापासून लांब बसवा आणि त्यावरचं शेवाळ रोज पुसा.

दहा-पंधरा दिवस काही कळणार नाही. घाबरू नका, मला महिना लागला आणि मी काही मठ्ठ नाही. पण दोन दिवसांत शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. परदेशातल्या नितळ तळ्यांवरचे व्हिडिओ बघून उजनीचा गाळ कळत नाही. पैसे घेऊन 'हमखास जागे'च्या खुणा देणारे तर सरळ फसवतात, हमखास जागा कोण विकेल? माझ्या मते वर्षभर कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या होडीत वल्हं मारा. तो शिव्या देईल. खा.

अजून एक, हे दटावूनच सांगतो. पडद्यात डोकं घालून आभाळ विसरू नका. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी होडी संध्याकाळच्या वादळात उलटली, सहा जण गेले. लाइफ जॅकेट अंगात घाला, बसायला घेऊ नका.

फुकटची एक युक्ती सांगतो. ११७ टीएमसीचं धरण, पण उन्हाळ्यात वापरायचा साठा संपून मायनसमध्ये गेलं की जुनी गावं उघडी पडतात. पळसदेवचं देऊळ बघायला लोक जातात, तुम्ही तुमच्या भागातला तळ तुडवा. बाभळी, पडक्या भिंती, विहिरी, प्रत्येकीची जीपीएस खूण यंत्रात घाला. खोलीचा आकडा लिहू नका, पाणी वर-खाली झालं की तो निकामी. जाळं कुठे अडकेल आणि मासा कुठे आडोशाला बसेल, दोन्ही पावसाळ्यानंतर घरबसल्या कळतं.

मागच्या मे महिन्यात मामा माझ्याबरोबर चिखलातून चालले. एका बुजलेल्या विहिरीपाशी थांबून म्हणाले, लहानपणी इथलं पाणी प्यायचो. मी तिथली खूण घातली, नाव दिलं 'मामांची विहीर'. आज तिच्यावर ३८ फूट पाणी आहे. परवा तिच्या कडेला तीन कटले मिळाले, चौथ्याने जाळं फाडलं. मामा अजून ते शिवतायत.