जुना आर्केड बोर्ड सुरू होत नाही? या चुका टाळा

आर्केड बोर्ड म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकून खेळायच्या मशीनचा मेंदू. माझ्याकडे ‘मेलेला’ म्हणून आलेले पुष्कळ बोर्ड नुसते उपाशी निघाले. त्यांना हवे होते पाच व्होल्ट आणि मिळत होते साडेचार. जे खरंच गेलेले होते, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगावर आधीच्या दुरुस्तीच्या खुणा होत्या: करपलेला डाख, उपटलेल्या तांब्याच्या रेषा, उलटी बसवलेली चिप. म्हणून हा लेख बोर्डापेक्षा आपल्या हातांबद्दल जास्त आहे.

‘सुरू होत नाही’ असं म्हणताना लोकांच्या मनात निरनिराळ्या गोष्टी असतात. कुणाचा पडदा पूर्ण काळा असतो. कुणाच्या पडद्यावर विस्कटलेली अक्षरं येऊन चित्र गोठलेलं असतं. कुणाचं चित्र सारखं उडतं आणि स्पीकरमधून टक्-टक् येत राहतं. कुणाचा अख्खा पडदा एकाच रंगाने भरलेला असतो. प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे. पाना-पेचकस घ्यायच्या आधी यातलं नेमकं काय होतंय ते कागदावर लिहून ठेवा. दोन तासांनी डोकं फिरलं की आठवत नाही.

काळ्या पडद्याच्या बाबतीत आधी मॉनिटरवर संशय घ्या. जुने बोर्ड १५ किलोहर्ट्झचं आरजीबी चित्र देतात. ते संगणकाच्या ३१ किलोहर्ट्झच्या मॉनिटरला थेट जोडलं तर बोर्ड ठणठणीत असूनही काही दिसणार नाही. सेगाच्या नाओमी बोर्डावर तर ३१ की १५ हे डिप स्विचने, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या खटक्याने ठरतं, आणि तो स्विच कुणीतरी हलवून ठेवलेला असतो. नाणं टाका, स्टार्ट दाबा, कान द्या. आवाज आला तर बोर्ड जिवंत आहे.

पाच व्होल्ट, पण कुठे मोजलेले?

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे वाया जातो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९८५ पासून जपानी उत्पादकांच्या संघटनेची ‘जामा’ जोडणी रूढ झाली. बोर्डाच्या कडेला ५६ टोकं, एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८. त्यातली चार टोकं पाच व्होल्टची. तीस-पस्तीस वर्षांत ही टोकं काळवंडतात, कनेक्टरच्या आतल्या पत्र्यांची पकड ढिली पडते, तारा बारीक असतील तर त्यांच्यातही व्होल्टेज गळतं. पॉवर सप्लायच्या पट्टीवर मीटर लावला तर ५.०० दिसतात आणि माणूस ‘पॉवर बरोबर आहे’ म्हणून पुढे सरकतो. बोर्डावर मात्र ४.६ पोहोचलेले असतात. त्या काळच्या टीटीएल प्रकारच्या साध्या लॉजिक चिपांना ४.७५ ते ५.२५ लागतात. खाली गेलं की प्रोसेसर चुकायला लागतो, मेमरीच्या चाचण्या नापास होतात, आणि दोष मात्र रॅमवर येतो.

मोजायचं ते बोर्डावरच्या चिपवर, बोर्ड चालू असताना. १४ पायांची ७४ मालिकेतली साधी चिप शोधा. बहुतेकींत सातव्या पायावर ग्राउंड आणि चौदाव्यावर पाच व्होल्ट असतात. तिथे ५.०० ते ५.१० मिळाले की पुढचा विचार करा. मीटर एसीवर फिरवून तीच टोकं पुन्हा मोजा. शंभर मिलिव्होल्टच्या वर लहर दिसली तर सप्लायमधले कपॅसिटर दमलेत.

आता यातली खरी घोडचूक. बोर्डावर ४.६ दिसले की लोक सप्लायवरचा व्होल्टेज वाढवायचा पेच पिळतात आणि ५.४ पर्यंत नेतात. बोर्ड सुरू होतो, मंडळी खूश. पुढे कधी बोर्ड काढून पुन्हा बसवला जातो, त्या घासण्यानेच टोकं आपोआप साफ होतात आणि सगळे ५.४ थेट चिपांवर जातात. पेच शेवटी पिळायचा. आधी कनेक्टर साफ करा: पांढरं मऊ खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. शाईचं खरखरीत खोडरबर वापरू नका, ते टोकांवरचा मुलामा खाऊन टाकतं. गंज सोडवायचा तेलकट फवाराही नको, त्यावर धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

जामाच्या आधीचे बोर्ड आणखी त्रासदायक. मिडवेच्या १९८० च्या पॅक-मॅनमध्ये ट्रान्सफॉर्मरचा एसी प्रवाह सरळ बोर्डावर येतो आणि तिथेच त्याचे पाच व्होल्ट होतात. एवढा प्रवाह कडेच्या ४४ टोकांच्या कनेक्टरमधून गेल्यामुळे तो कनेक्टर करपलेला असणं हे जवळजवळ ठरलेलंच. करपलेलं टोक घासून चकचकीत करण्यात अर्थ नाही, कनेक्टर बदला.

टक्-टक् ऐकून घाबरू नका

चित्र सारखं उडणं म्हणजे बहुतेक वेळा वॉचडॉग. ही एक छोटी पहारेकरी सर्किट असते. चालू असलेला प्रोग्राम तिला ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असं कळवतो. कळवलं नाही की ती प्रोसेसरला रिसेट मारते. म्हणजे टक्-टक् हा दोष नव्हे, प्रोग्राम पुढे सरकत नसल्याची बातमी आहे. तरी काही जण पहारेकऱ्यावरच चिडून रिसेटची चिप बदलत बसतात.

लॉजिक प्रोब, म्हणजे चिपच्या पायावरचा सिग्नल वर आहे की खाली ते दाखवणारं साधन, विकत घ्या, महाग नसतो. प्रोसेसर झेड-८० असेल तर २६ व्या पायावर रिसेट आणि सहाव्यावर क्लॉक, म्हणजे त्याचे चालण्याचे ठोके. ६४ पायांच्या ६८००० वर १८ व्या पायावर रिसेट आणि १५ व्यावर क्लॉक. रिसेट ठरावीक अंतराने खाली जाऊन वर येत असेल तर वॉचडॉग चावतोय, आणि दोष रॉम (खेळाचा प्रोग्राम असलेल्या चिपा), रॅम किंवा मधल्या चिपांमध्ये शोधायचा. रिसेट कायम खाली अडकला असेल तर मात्र रिसेटच्या सर्किटकडेच बघा. क्लॉकच नसेल तर क्रिस्टल किंवा त्याच्या शेजारची चिप. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता आठ-आठ रॅम चिपा उपसलेले बोर्ड मी पाहिलेत.

एक वैयक्तिक पूर्वग्रह सांगून ठेवतो. बोर्डावर फुजित्सूच्या टीटीएल चिपा दिसल्या की मी पहिला प्रोब तिथे लावतो. ऐंशीच्या दशकातल्या त्या मालिकेतल्या चिपांचे आउटपुट मरण्यासाठी दुरुस्तीवाल्यांत बदनाम आहेत.

बॅटरी: दोन अगदी उलट चुका

बॅटरीच्या बाबतीत काही बोर्डांवर ती काढणं ही चूक असते आणि काहींवर ती ठेवणं.

एसएनकेच्या निओ-जिओ एमव्हीएस बोर्डांवर, १९९० पासूनच्या, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती स्कोअर आणि हिशेब सांभाळते, बस. ती गळते आणि गळलेलं रसायन हिरव्या लेपाखाली शिरून रेषा खातं. मग सुरू होताच ‘बॅकअप रॅम एरर’ असा पडदा येतो. ही बॅटरी आजच काढा, खेळ तिच्याशिवाय चालतो. गळलेला भाग व्हिनेगरने पुसा, कारण ते रसायन क्षारधर्मी असतं. मग पाणी, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या. नुसतं अल्कोहोल फिरवून ‘झालं साफ’ म्हणणाऱ्यांना तोच दोष काही महिन्यांनी परत भेटतो.

त्या पडद्यावरचे आकडे वाचल्याशिवाय बोर्ड बंद करू नका. पत्ता, लिहिलेली किंमत आणि वाचलेली किंमत अशा तीन गोष्टी तिथे असतात. पत्ता डी००००० च्या आसपास असेल तर बॅटरीवाली रॅम, १००००० च्या आसपास असेल तर प्रोसेसरच्या कामाची रॅम. ५५५५ लिहून ५५एफएफ वाचलं गेलं, तर चूक फक्त खालच्या बाइटमध्ये आहे, म्हणजे खालचा बाइट सांभाळणाऱ्या एका चिपकडे किंवा तिच्या रेषांकडे बघायचं. बोर्डाने स्वतः पत्ता दिल्यावर दोन्ही चिपा उपटायची गरज नाही. त्याहून बारीक तपासायचं असेल तर एमव्हीएससाठी खास तपासणी बायोस, म्हणजे बोर्ड तपासणारा प्रोग्राम असलेली चिप मिळते.

आता उलट बाजू. कॅपकॉमच्या सीपीएस-२ मध्ये, १९९३ पासून, खेळाच्या बी बोर्डावर ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे. ती स्कोअर नव्हे, सांकेतिक रूपात साठवलेला खेळ उलगडायची किल्ली जपते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पडदा एकाच रंगाने भरतो. ‘गळण्याआधी काढून ठेवू’ म्हणून जी मंडळी शहाणपणा करून ही बॅटरी काढतात, ती स्वतःच्या हाताने बोर्ड मारतात. सेगाच्या काही जुन्या बोर्डांवर एफडी१०९४ नावाचा हिताचीचा प्रोसेसरचा ठोकळा असतो, त्याच्या तर पोटातच बॅटरी आहे. तो उघडायला जाऊ नका.

सीपीएस-२ मेला तरी आता तो कायमचा गेला असं नाही. २०१६ मध्ये काही हौशी अभ्यासकांनी ही किल्ली बोर्डात परत भरायची रीत शोधून सर्वांसाठी खुली केली. एक छोटं मायक्रोकंट्रोलर सर्किट तेवढं काम करतं. पण रंगीत पडदा दिसला की लगेच किल्लीच्या मागे लागू नका. ए बोर्ड (मुख्य बोर्ड) आणि त्यावर बसणारा खेळाचा बी बोर्ड एकमेकांत नीट बसले नाहीत तरी असाच पडदा येतो. दोन्ही सुटे करा, जोडणी पुसा, घट्ट बसवा, शक्य असेल तर दुसरा ए बोर्ड लावून पाहा.

गंमत आपल्याकडच्या ‘मुस्तफा’ची. पार्लरमध्ये या नावाने ओळखला जाणारा खेळ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. त्याच्या अस्सल बोर्डात आवाजाच्या प्रोसेसरलाही बॅटरी लागते आणि चित्राच्या एका चिपलाही. आपल्याकडे चालणारे बरेच बोर्ड नकली होते. नक्कल करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकलेलं, त्यामुळे त्या बोर्डांना बॅटरीची फिकीर नाही. अस्सल बोर्ड कपाटात गुपचूप मरत असताना कळकट नकली बोर्ड अजून नाणी मागतोय, असं चित्र दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

विल्यम्सच्या १९८२ च्या जाउस्ट, रोबोट्रॉन वगैरेंत साधे तीन पेन्सिल सेल असतात, तेही थेट बोर्डावर. गळले की सगळं खाली सांडतं. सेलचा डबा तारेने बोर्डाबाहेर न्या.

रॅम, रॉम आणि घाई

त्याच विल्यम्स बोर्डांवर ४११६ प्रकारची रॅम आहे. तिला +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ गेलं आणि बाकीची चालू राहिली तर रॅम जळते. नव्या चिपा बसवल्या आणि −५ मोजायचंच राहिलं, की त्याही जळतात. याच बोर्डांवर एक आकडा दाखवणारा दिवा असतो. शून्य आलं तर चाचणी पास. तो न पाहताच लोक रॅम मागवतात.

रॉमबाबत एकच कळकळीची विनंती: काही करायच्या आधी प्रत्येक ईप्रॉम (बोर्डावरची रॉमची चिप) वाचून त्याची प्रत ठेवा आणि तिचा चेकसम, म्हणजे मजकूर ताडायचा आकडा, मेम या संगणकावर आर्केड खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामच्या यादीशी ताडून पाहा. वाचताना प्रकार नीट निवडा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ आणि साधी २७१६ यांची नावं सारखी वाटली तरी पहिलीला तीन व्होल्टेज लागतात, पायही वेगळे. आणि वाचन चुकीचं आलं म्हणून चिप लगेच खराब ठरवू नका. जुन्या चिपांचे पाय काळे पडलेले असतात. ते हलकेच पुसून पुन्हा वाचा. चिप काढताना स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटू नका, त्याच्या टोकाखालून रेषा जात असतात. बसवताना खाच बघा. उलटी बसली तर हात लावल्यावर चटका देऊन ती निरोप घेते.

चांगला बोर्ड वाईट कॅबिनेटमध्ये

शेवटची चूक मी स्वतः केलीय, म्हणून नाव न घेता सांगतो. एका ओळखीच्याच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे पडदा आणि बटणं असलेल्या मशीनच्या पेटीत, त्याचा बोर्ड चालेना, म्हणून मी माझा चालता बोर्ड लावून पाहिला. कॅबिनेटच्या तारा कुणीतरी आधी उलटसुलट जोडल्या होत्या, बारा व्होल्ट भलत्याच टोकावर येत होते. त्या संध्याकाळी आमच्याकडे दोन बंद बोर्ड झाले. आता मी आधी बोर्डाशिवाय रिकाम्या कनेक्टरवर मीटर लावतो. प्रत्येक टोकावर योग्य तेच येतंय, हे बघितल्यावर एक स्वस्त साठ-खेळांचा बोर्ड लावतो. जळाला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

जपानहून आलेलं कॅबिनेट असेल तर ते १०० व्होल्टचं असतं, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय पिन घालू नका. आणि काचेच्या जुन्या पडद्यामागे हात घालायची वेळ आली तर थांबा. बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्ट बसून राहू शकतात. ते काम ज्याला टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा हात आहे त्याच्याकडूनच करून घ्या.